‘सॅचमो ॲट सिम्फनी हॉल’: ऑल स्टार्स ऐकायला इथूनच सुरुवात करा

जॅझचा ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग (टोपणनाव ‘सॅचमो’) याच्या ‘ऑल स्टार्स’ या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणं पुष्कळ आहेत. त्यांतली एकच घ्यायची असेल, तर ३० नोव्हेंबर १९४७ ची बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमधली ही मैफल घ्यावी. कारण एकच: ड्रम्सवर सिड कॅटलेट.

जॅझच्या न्यू ऑर्लिन्स शैलीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी वाजतात. ट्रम्पेट मूळ चाल धरतो, क्लॅरिनेट वर नक्षी काढतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो. तिघांनी एकाच स्वरपट्ट्यात गर्दी केली की नुसता गलका होतो. ‘मस्क्रॅट रॅम्बल’मध्ये ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डन आर्मस्ट्राँगच्या दोन ओळींमधल्या जागा हेरतो आणि तेवढ्याच भरतो, म्हणून तिन्ही रेषा वेगळ्या ऐकू येतात. ‘हाय सोसायटी’तला क्लॅरिनेटचा तुकडा परंपरेने ठरलेला आहे. मुळात तो पिकोलोसाठी, म्हणजे छोट्या बासरीसाठी, लिहिलेला होता. बार्नी बिगार्ड तो अगदी सफाईने वाजवतो.

आता कॅटलेट. एकल वादक बदलला की तो झांज, काठी, ठोक्याचं वजन, सगळं बदलतो. लय मात्र तसूभर हलत नाही. ‘स्टीक फेस’मधल्या एकल वादनात त्याने सोडलेल्या रिकाम्या जागा नीट ऐकाव्यात, कारण पुढच्या ठोक्याला जोर तिथूनच येतो. १९५१ मध्ये तो गेला. आर्मस्ट्राँगसोबतचा त्याचा सलग, मोठा कार्यक्रम ऐकायला मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

‘ब्लॅक अँड ब्लू’मधली आर्मस्ट्राँगची गंभीर गायकी आणि टीगार्डनचं ‘स्टार्स फेल ऑन अलाबामा’ चुकवू नका. बिगार्डचं ‘टी फॉर टू’ मात्र नुसती बोटांची कसरत वाटते. ‘दॅट्स माय डिझायर’ हा आर्मस्ट्राँग आणि गायिका व्हेल्मा मिडलटन यांचा रंगमंचावरचा विनोदी प्रसंग. नुसतं ऐकताना त्यातलं निम्मं हरवतं. डिक केरीचा पियानोही बराच मागे पडलाय.

डेक्का या रेकॉर्ड कंपनीने १९५१ मध्ये ही मैफल एलपीवर (लाँग-प्ले तबकडीवर) काढली. २०१२ ची दोन सीडींची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या; आधी न निघालेल्या रचना तिच्यात आहेत. जुनी मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) एलपी स्टीरिओ सुईने वाजवणार असाल तर ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा, खरखर कमी होते. ॲम्प्लिफायरवरचा बास (खालचे स्वर) वाढवू नका, नाहीतर आर्व्हेल शॉचा डबल बास मोठ्या ड्रमच्या आवाजात बुडतो.