स्पेक्ट्रमची रॅम तपासायचं डायग्नॉस्टिक कार्ड: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, कार्ड घ्याच. फक्त कार्ड आलं म्हणून मीटर कपाटात ठेवू नका, काहून की कार्ड कोणता बिट गेला ते सांगतं, काहून गेला ते सांगत नाही, आणि स्पेक्ट्रमसारख्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये खरी गोम तिथंच असते.

माझी मशीन डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, डेसिबेल्सनं 1986 पासून लायसन्सवर आपल्याकडे विकलेली. आमच्या मोठ्या काकांनी नागपूरहून आणली होती, मग कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. आतून तीच 1982 ची सिंक्लेअर स्पेक्ट्रम 48के, म्हणजे झेड80 प्रोसेसर, 16के रॉम आणि दोन तुकड्यांत रॅम. खालची 16के आठ 4116 आयसींमध्ये (आयसी6 ते आयसी13) आणि वरची 32के अजून आठ आयसींमध्ये (आयसी15 ते आयसी22). एक आयसी एकच बिट सांभाळते, त्यामुळे आठातली एक जरी बसली तरी त्या तुकड्यातली प्रत्येक बाइट नासते. चालू केली की टीव्हीवर रंगीत चौकोन आणि उभ्या पट्ट्या, कॉपीराइटची ओळ काही येईना. चाळीस वर्षांच्या मशीनला हे व्हायचंच.

कार्ड मागच्या एज कनेक्टरला लागतं, मशीनची स्वतःची रॉम बंद करतं आणि आपला प्रोग्राम चालवतं. मला सगळ्यात आवडलं ते हे की टेस्ट सुरू होताना तो प्रोग्राम रॅमला हातच लावत नाही, सगळा हिशोब प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये करतो, आणि स्क्रीन रॅममधूनच येत असल्यामुळे तिच्यावरही विसंबत नाही. स्क्रीनभोवतीच्या बॉर्डरचा रंग यूएलएच्या (चित्र तयार करणाऱ्या चिपच्या) पोर्ट 254 वरून जातो, त्याला रॅम लागत नाही, म्हणून रॅम पूर्ण मेलेली असली तरी बॉर्डर बोलतो. माझ्या मशीनमध्ये त्यानं खालच्या रॅमचे एकदम तीन बिट खराब दाखवले.

आता इथं घाई करून तीन आयसी मागवायचा मोह होतो. दर्यापूरला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना स्पेक्ट्रम माहीत नव्हता पण बोर्ड पाहून ते लगेच म्हणाले, "आधी सप्लाय पाह्य बाबू, आयसीले मंग हात लाव." 4116 ला तीन व्होल्टेज लागतात, पिन 1 वर उणे 5, पिन 8 वर 12, पिन 9 वर 5, आणि पिन 16 ग्राउंड. मीटर लावला तर 12 आणि 5 बरोबर, पण उणे 5 च्या जागी जेमतेम दीड व्होल्ट. 12 व्होल्ट चालू आणि उणे 5 गायब अशा अवस्थेत 4116 जळते, म्हणजे नव्या आयसी बसवल्या असत्या तर त्याही गेल्या असत्या. त्या लाईनचा कंडेन्सर वाळला होता. बोर्डावरचे सगळेच इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले आणि टीआर4 ट्रान्झिस्टर पण (झेडटीएक्स650), काहून की 12 आणि उणे 5 तयार करणारं सर्किट त्याच्याच जिवावर चालतं आणि तो जाणं या मशीनचा जुनाच आजार आहे.

आयसी काढताना पंपानं सोळाच्या सोळा पाय एकदम मोकळे करत बसू नका, या बोर्डाचे ट्रॅक लगेच उखडतात. मेलेली आयसी तशीही फेकायचीच आहे, कटरनं अंगाला लागून पाय कापा, मग एकेक पाय चिमट्यात धरून खालून सोल्डरिंग आयर्न लावा, सोल्डर पातळ झालं की पाय आपोआप हातात येतो. ग्राउंडच्या पायाला जास्त वेळ लागतो, तिथं थोडं नवं सोल्डर आधी घातलं की सोपं जातं. भोकं साफ करून सॉकेटच बसवा, पुन्हा कधी बदलायची झाली तर सोल्डरिंग आयर्न नको.

नव्या 4116 म्हणून ऑनलाइन मागवलेल्या आयसींचा अनुभव वाईट. थिनरचा बोळा फिरवला की वरची छपाई निघून जात होती आणि खाली दुसराच नंबर, कार्डानं त्या लगेच पकडल्या. शेवटी मी 4164 वापरल्या. त्या फक्त 5 व्होल्टवर चालतात, त्यामुळे पिन 8 सॉकेटच्या बाहेर वाकवून तिला वेगळी 5 व्होल्टची वायर द्यावी लागते, 12 तिथं जाता कामा नये. पिन 1 आत रिकामी आहे ना ते त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये पाहूनच लावा. पिन 9 वर जुने 5 व्होल्ट येतात, ती 4164 मध्ये जादा अॅड्रेसची पिन आहे, कायम हाय राहिली तरी चालतं.

आता काही महिने वापरून कळलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे टेस्ट दुपारीच करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त, आणि डायनॅमिक रॅममधला चार्ज उष्णतेनं लवकर गळतो. 4116 ला दर 2 मिलिसेकंदात 128 ओळी रिफ्रेश, म्हणजे पुन्हा चार्ज, कराव्या लागतात, थंड असताना कमजोर आयसीही तेवढ्यात निभावून जाते. माझी एक जुनी आयसी सकाळी पास व्हायची आणि चारच्या सुमाराला नापास, म्हणून आता मी टेस्ट लूपवर लावून दुपारभर सोडतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ही खेड्यातल्या माणसानं नीट लक्षात ठेवावी. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे पिवळे पडतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरचं आउटपुट पण तेव्हा पडतं, आणि आतल्या 7805 रेग्युलेटरला 5 व्होल्ट नीट द्यायला वर दोनेक व्होल्ट जास्त लागतात. तेवढे नाही मिळाले की कार्ड रॅम खराब म्हणून ओरडतं आणि रॅम असते एकदम चांगली. 9 व्होल्ट 2 अँपियरचा एसएमपीएस (स्विचिंग अडॅप्टर) लावल्यापासून तो प्रकार बंद आहे. स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते, बाजारातले बहुतेक अडॅप्टर उलटे येतात, वायर अदलाबदल करून मीटरनं खात्री झाल्याशिवाय लावू नका.

तिसरं, कार्डानं सात-आठ बिट एकदम खराब दाखवले तर आयसी मागवू नका, आठही एकाच दिवशी जात नसतात. सप्लाय पाहा, मग रॅमला अॅड्रेस पोचवणारे 74एलएस157 मल्टिप्लेक्सर पाहा, खालच्या रॅमसाठी आयसी3 आणि आयसी4, वरच्यासाठी आयसी25 आणि आयसी26. कार्डाच्या यादीत यांचं नाव येत नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

काही जण म्हणतात की कार्ड कशाला, बेसिकमध्ये पीक आज्ञेनं मेमरीच्या 23732 आणि 23733 या जागा वाचा, दोन्ही मिळून 65535 आलं की 48के बरी. मला हे पटत नाही. चालू होताना रॉम प्रत्येक जागी 2 लिहिते आणि दोनदा एकेक कमी करून शून्य होतं का एवढंच पाहते. एखाद्या सेलचा वरचा बिट कायम शून्यावर अडकला असेल तर त्यातून तो आरामात सुटतो, मशीन झकास चालू होते आणि गेम अर्ध्यात लटकतो.

कार्डाचा कनेक्टर सैल होतोय, लावायच्या आधी बोर्डाचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपाइलनं पुसावे लागतात. वरच्या रॅमला अजून हात लावायची वेळ आली नाही. तिथं 4532 आहेत, म्हणजे अर्धा भाग खराब निघालेल्या 64के आयसी, कोणता अर्धा वापरायचा ते बोर्डावरच्या जंपरवर (जोडवायरीवर) ठरतं. तिथं पूर्ण चांगली 4164 सरळ बसते, वायरची भानगड नाही, म्हणून आठ घेऊन ठेवल्या आहेत. दर्यापूर-अंजनगाव बाजूला कोणाच्या माळ्यावर अशी मशीन पडली असेल तर भंगारात देऊ नका, कार्ड माझ्याकडे आहे, घेऊन या, लावून पाहू.