सी-४१ घरी: आयतं किट की सुटी रसायनं?

कलर निगेटिव्ह फिल्म सी-४१ या पद्धतीने घरी धुवायची ठरली की सगळे आधी किमतीचा हिशोब मांडतात. मी आधी विचारतो, तुमचे रोल साठतात कसे?

दिवाळीच्या सुट्टीत सात-आठ रोल काढून एकाच शनिवार-रविवारी धुणार असाल, तर डोळे झाकून किट घ्या. लिटरभर द्रावणात तेवढे रोल निघतात आणि पुड्या विरघळवल्या की काम झालं. ब्लीच (फिल्मवरची चांदी पालटणारं) आणि फिक्सर (ती काढून टाकणारं) एकत्र असलेलं ब्लिक्स तेवढं जपून हाताळा. त्याआधीच्या डेव्हलपरचा (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचा) उरलासुरला कार्बोनेट त्यात मिसळून वायू सुटतो. माझ्या टाकीचं झाकण एकदा फस्सकन उडालं आणि बाथरूमच्या फरशीवर तपकिरी डाग पडले ते पडलेच.

महिन्याला एखादाच रोल होत असेल तर गणित उलटतं. कालवलेला डेव्हलपर हवा लागून काही आठवड्यांत मरतो. कोरडी रसायनं नीट बंद ठेवली तर कितीतरी जास्त टिकतात. मग ३०० मिलिलिटर ताजा कालवा, एक रोल धुवा, ओतून द्या. माझ्या कृतीत लिटरला ४.७५ ग्रॅम सीडी-४ (डेव्हलपरमधलं रंग उमटवणारं मुख्य रसायन) लागतं. ते सगळ्यात शेवटी घालायचं, आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच, कारण त्याची त्वचेला ॲलर्जी होते. पोटॅशियम आयोडाइड लिटरला फक्त २ मिलिग्रॅम! इतकं कुठला घरगुती काटा तोलणार? म्हणून १ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवतो आणि लिटरभर डेव्हलपरला त्यातलं २ मिलिलिटर सिरिंजने घेतो.

तापमानाची कटकट दोन्हीकडे सारखीच: डेव्हलपरला ३७.८ अंश सेल्सिअस, सव्वातीन मिनिटं.

ब्लीच मात्र मी तयारच घेतो. फेरिसायनाइडचं स्वस्तात बनतं, पण आधी स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्लाचं पाणी) देऊन फिल्म नीट धुतली नाही, तर उरलेला डेव्हलपर त्यात ऑक्सिडाइज होऊन निगेटिव्हवर रंगाचा पडदा चढतो. तेवढ्या बचतीसाठी रोल पणाला लावायची माझी तयारी नाही.

सुट्या रसायनांकडे वळणार असाल, तर ०.०१ ग्रॅमचा काटा आधी घ्या. आणि पोटॅशियम कार्बोनेट पावसाळ्याआधीच तोलून हवाबंद पुड्या करून ठेवा. जुलैत बरणी उघडून बसलात, तर काट्यावर पावडरीबरोबर पाणीही तोलाल.