केदारनाथची हेलिकॉप्टर शटल: तिकीट एसटीसारखं, उड्डाण ढगांच्या मर्जीनं

गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसीहून उडालेलं हेलिकॉप्टर साधारण सहा ते दहा मिनिटांत केदारनाथला टेकतं. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं, त्याआधी चारधाम यात्रेची नोंदणी झालेली असावी लागते. बुकिंगची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, तिला चार तारे द्यायला हरकत नाही. घोटाळा होतो तो तिकिटावरची वेळ वाचताना. ती पक्की सुटण्याची वेळ आहे असं समजून लोक पुढचं हॉटेल आणि डेहराडूनचं विमान ठरवून मोकळे होतात.

ही सेवा व्हीएफआरवर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांवर चालते. वैमानिकाला बाहेरची जमीन आणि डोंगरकडा डोळ्यांनी दिसत राहिली पाहिजे, कारण ढगातून उपकरणांच्या भरवशावर केदारनाथला उतरण्याची सोयच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत 10,000 फूट आणि त्यावर 8 किलोमीटर दृश्यमानता लागते, शिवाय ढगांपासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं 300 मीटर अंतर. जमिनीपासून हजार फुटांच्या आत, अनियंत्रित हवाई क्षेत्रात (जिथं उड्डाणांवर हवाई नियंत्रण कक्षाचा ताबा नसतो), दृश्यमानतेचा हा आकडा 5 किलोमीटरवर येतो. तिथं ढगाबाहेर राहायचं आणि जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही. हेलिकॉप्टरला त्याहून कमी दृश्यमानतेत उडायची मुभा देता येते, पण वेग इतका कमी हवा की समोरचा अडथळा वेळेत दिसून टाळता येईल.

वेगाची ही अट कागदी नाही. 30 अंश कलून 100 नॉटनं (ताशी सुमारे 185 किलोमीटर) वळलं तर वळणाची त्रिज्या सुमारे 470 मीटर येते, म्हणजे मागे फिरायला जवळपास एक किलोमीटर रुंद मोकळी दरी हवी. तेच 60 नॉटला त्रिज्या 170 मीटरच्या आत बसते. गौरीकुंडच्या वर मंदाकिनीची दरी अरुंद होत जाते. समोर ढग उतरलेला दिसल्यावर वेग कमी करू म्हणणाऱ्याची दरी तोवर संपलेली असते. परतायचा निर्णय रुंद जागेतच घ्यावा लागतो, आणि तो चांगल्या वैमानिकानं घेतला की प्रवासी खाली उतरून भांडतात.

दुसरी मर्यादा वजनाची. केदारनाथ सुमारे 11,750 फुटांवर आहे. विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या प्रमाण वातावरणात तिथं उणे 8 अंश तापमान धरतात. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी 12 अंश असेल, तर हवा जवळजवळ 14,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. पंख्याला उचल कमी, इंजिनालाही ताकद कमी. या मार्गावर बेल 407 आणि एएस350 बी3 ही एकाच इंजिनाची यंत्रं दिसतात. इंजिन बंद पडलं तर पंखा फिरता ठेवून खाली सरकायचं, आणि खाली सपाट जागा अभावानंच. म्हणूनच हेलिपॅडवर प्रत्येकाला काट्यावर उभं करतात. 80 किलोच्या वर प्रतिकिलो जादा पैसे पडतात आणि सामान 2 किलोच. याला लूट म्हणणाऱ्यांनी फॉर्ममध्ये खरं वजन लिहावं. अंदाजानं दहा किलो कमी लिहिलं की ऐन वेळी कुणाला तरी उतरवावं लागतं.

सुरक्षेला मात्र तारे देताना हात आखडतो. 18 ऑक्टोबर 2022 ला केदारनाथजवळच्या गरुडचट्टीपाशी हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. 15 जून 2025 ला पहाटे केदारनाथहून परतणारं बेल 407 गौरीकुंडजवळ कोसळलं, त्यातही सात जण गेले, यवतमाळच्या वणीचं एक कुटुंब त्यात होतं. दरीच्या तोंडाशी दृश्यमानता घटल्याचा उल्लेख सरकारच्या पहिल्या निवेदनातच होता. त्याच सुमारास खराब हवामानात उडाल्याबद्दल दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. जानेवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात कालाबाससजवळ पडलेल्या एस-76बी हेलिकॉप्टरची चार्टर कंपनीही व्हीएफआरपुरतीच परवानगी असलेली होती. उपकरणांवर उडू शकणारं यंत्र असूनही ढगात शिरल्यावर वैमानिकाचं दिशाभान सुटलं.

बुकिंग करायचंच असेल तर मे ते जूनचा पहिला आठवडा, किंवा पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. सकाळचा स्लॉट घ्यावा, कारण दुपारी दरीतला वारा आणि ढग दोन्ही चढतात. पण रात्री पाऊस झाला असेल तर पहाटेच दरीत धुकं अडकतं, तेव्हा पहिल्याच फेरीसाठी हट्ट धरू नये. परतीला एक अख्खा दिवस मोकळा सोडावा आणि पायी उतरायची तयारी असावी. वर अडकलात तर दोन किलोच्या पिशवीत औषधं, लोकरी टोपी आणि रेनकोट एवढं तरी हवंच.

पंखा फिरत असताना चढ-उतार होते. कर्मचारी सांगेल तेव्हा, पुढच्या बाजूनं, वाकून, टोपी-ओढणी हातात घट्ट धरून जायचं; चढत्या जमिनीच्या बाजूनं कधीच नाही, तिथं पंख्याची पाती डोक्याजवळ येतात. शेपटीकडे तर अजिबात वळायचं नाही. एप्रिल 2023 मध्ये केदारनाथच्याच हेलिपॅडवर मागच्या पंख्याच्या तडाख्यानं एका सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. फोन खिशात ठेवा, फोटो मंदिरापाशी काढा.