डाय सांगून स्प्रे मारून दिला: पोनीचा रंग बदलून घेणाऱ्यांनो, आधी वाचा

जुन्या ‘माय लिटल पोनी’च्या, म्हणजे त्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या घोड्याच्या, अंगाचा रंग बदलून द्यायला कोणी पैसे मागितले, तर रंग डायचा आहे की वरून मारलेला, याचा पुरावा आधी घ्या. नुसतं विचारून भागत नाही. मी विचारलं होतं आणि उत्तरही लेखी आलं होतं: “डायच आहे, प्लास्टिकमध्ये मुरतो, कधीच निघत नाही.” ते धडधडीत खोटं होतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीने मनाने रचलेली एक पोनी आहे, झेंडूसारखी पिवळीधमक. वाढदिवसाला ती खरोखरची करून द्यायची म्हणून मी जुनी ब्लू बेल मिळवली. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९८३ च्या सुमारास आणलेल्या पहिल्या सहा लहान पोनींपैकी ही एक, अंगाने फिकट निळी. रंग बदलून देणाऱ्या एका बाईंनी १४० डॉलर सांगितले. रंग नुसता वरून मारायचा असता तर त्यांचाच दर याच्या निम्मा होता. “निळ्यावर पिवळा कसा बसेल?” असं विचारल्यावर म्हणाल्या, “मूळ रंग आधी उतरवून घेते.” पैसे मात्र पेपालवर ‘मित्र-कुटुंब’ पर्यायानेच पाठवायचे, नाहीतर काम घेणार नाही, अशी अट होती.

पोनी आली तेव्हा देखणी होती. लेक हरखून गेली होती. पुढे काही आठवड्यांत ती हाताला चिकट लागायला लागली. बोटांचे ठसे उमटायचे, कपड्याची तूस अंगाला बसायची. फळीवर शेजारच्या पांढऱ्या पोनीला चिकटली, तेव्हा ओढून सोडवताना रंगाची पापडीच निघून आली. खाली निळं अंग. लेकीचा चेहरा बघवत नव्हता.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच लपते. या पोनी मऊ पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि डब्यातल्या स्प्रेचा किंवा एनॅमलचा थर आतून मऊ करतं. मग तो रंग वाळत नाही, किंवा वाळल्यासारखा दिसून पुन्हा चिकट होतो. ताज्या रंगाचा फोटो मात्र सुरेख येतो, आणि विक्री त्या फोटोवरच होते.

डायचं काम निराळं. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांसाठी मिळणारा डाय पाण्यात कालवून ते चांगलं तापवतात. डोकं वेगळं करून, केस आणि शेपूट काढून पोनी त्यात बुडवतात, कारण नायलॉनचे केसही डाय पटकन धरतात. रंग प्लास्टिकच्या अंगात शिरतो, वर थर बसत नाही. पण डाय पारदर्शक असतो. खालच्या रंगात तो मिसळतो, त्याला झाकत नाही. निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवटच येणार. आणि मूळ रंग उतरवण्याचं म्हणाल, तर तो कारखान्यात प्लास्टिकमध्येच कालवलेला असतो. उन्हाने विटतो, पण पुसून काढता येत नाही. म्हणजे निळ्या पोनीला डायने झेंडूचा पिवळा रंग देण्याचं ते वचन मुळातच अशक्य होतं, आणि हे काम रोज करणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतंच.

खात्री करायला मी हे काम जाणणाऱ्या एका मैत्रिणीला फोटो पाठवले. तिच्या सांगण्यावरून मान गरम पाण्यात धरली, मऊ झाल्यावर डोकं काढलं. आत सगळं स्वच्छ निळं. डाय केलेल्या पोनीच्या पोकळ अंगात पाणी शिरतं, म्हणून आतली बाजूही रंगते. मग ॲसिटोनचा बोळा तळपायावर फिरवला, तर पहिल्याच पुसण्यात कापूस पिवळा झाला. कुशीवरचे मूळ तारे तर त्या बाईंनी आधीच पुसून टाकले होते. कारखान्यातली ती छपाई गेली ती गेलीच, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

त्यांना फोटो पाठवले. आधी म्हणाल्या, तुमच्या घरात दमटपणा असेल. आतल्या निळ्या रंगाचा फोटो दाखवल्यावर उत्तरं बंद झाली. पेपालकडे तक्रारीची सोय नव्हती, कारण ‘मित्र-कुटुंब’ म्हणून पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण मिळत नाही.

वरून रंगवलेली पोनी वाईटच असते असं नाही. पाण्यातल्या ॲक्रिलिकचे पातळ हात देऊन सुंदर काम करणारी माणसं आहेत, आणि ती स्पष्ट सांगतात की हा रंग आहे, जपून हाताळा. त्यांना पैसे आनंदाने द्यावेत.

डाय म्हणून जास्त दर मागितला, तर डोकं काढलेल्या अवस्थेतला मानेच्या आतला फोटो मागा, केस बसवण्याआधीचा. प्रामाणिक माणसाला यात काहीच अडचण नसते. मूळ पोनी कुठल्या रंगाची होती तेही विचारा. गडदावरून फिका रंग ‘डायने’ म्हणाले, तर तिथेच थांबा. पैसे वस्तूच्या खरेदीचे म्हणूनच पाठवा. तशा व्यवहारात पेपालवर वाद नोंदवायला पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. चिकटपणा उशिरा उघड होतो, म्हणून हे दिवस फार कामाचे. आणि आलेली पोनी तोवर बाकीच्यांपासून लांब ठेवा.