केमिकल अँकर: १६ महिन्यांनंतर

नागपुरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. तिथेच मागच्या वर्षी जानेवारीत दोन ठिकाणी केमिकल अँकर बसवले, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक मारून त्यात चिकटवणारं केमिकल भरलं आणि रॉड रोवला. एक, आरसीसी कॉलमवर रॅकचे ब्रॅकेट. दोन, स्लॅबखाली टांगलेली पाइपांची मांडणी. दोन्हीकडे १२ मिमी थ्रेडेड रॉड, १४ मिमीचं भोक, ११० मिमी खोल.

कॉलमवरच्या कामावर मी खूश आहे. कडेजवळ साधा फास्टनर आवळला की काँक्रीटचा टवका उडतो, कारण तो आतून रेटतो. केमिकल रेटत नाही, धरून ठेवतं. अजून एकही नट ढिला झालेला नाही.

टांगलेल्या मांडणीने मात्र या मे महिन्यात झोप उडवली. एक प्लेट स्लॅबपासून दीड मिमी खाली आली होती. बसवताना चेनपुलीने ओढून बघितलं, तेव्हा हाच रॉड जागचा हलला नव्हता! सगळा माल उतरवून रॉड काढला, तर केमिकलसकट बाहेर आला आणि केमिकलवर पिठासारखी धूळ. धूळ राहिली की केमिकल काँक्रीटला नीट चिकटत नाही, म्हणून भोक मारल्यावर ब्लोअर, ब्रश, पुन्हा ब्लोअर हा क्रम पाळावाच लागतो. डोक्यावर हात करून काम करताना धूळ डोळ्यांत जाते, माणूस घाई करतो.

पण धूळ हे एकच कारण नसतं. बोस्टनमध्ये जुलै २००६ मध्ये बोगद्याच्या छताचे सुमारे २६ टन काँक्रीट पॅनेल एका गाडीवर पडले, आतली बाई गेली. तिथलं लवकर सेट होणारं इपॉक्सी, म्हणजे अँकर चिकटवणारं केमिकल, अखंड ओढीखाली कणाकणाने सरकत गेलं होतं. यालाच क्रीप म्हणतात, आणि थोडा वेळ ओढून घेतलेल्या चाचणीत तो कळत नाही. त्याच प्रकल्पात १९९९ मध्येच काही अँकर सरकलेले दिसले होते. ते बदलले, मूळ कारण शोधलं नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं. जपानच्या सासागो बोगद्यातही २०१२ मध्ये छत कोसळून ९ जण गेले. तिथेही छताचा भार चिकटवलेल्या बोल्टांवर होता.

उन्हात तापलेल्या स्लॅबखाली तर ही सरक वाढते. म्हणून उरलेले तीन अँकर घट्ट वाटत असूनही मी ती मांडणी उतरवली आणि जमिनीवरून खांब उभे करून तिला आधार दिला. कॉलमवरच्या प्रत्येक नटावर, रॉडवर आणि प्लेटवर रंगाची एक सलग रेघ ओढली आहे; नट फिरला की ती तुटलेली दिसते. दर महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन ती बघतो.