घरी बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या विमानासाठी प्रायमर: कमी विषारी पर्यायांत कोणता निवडावा?

प्रायमरचा डबा निवडण्याआधी हातातला पत्रा कोणता आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. घरी जोडायची विमानं किटमध्ये विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही विमानांचं बहुतेक कवच २०२४-टी३ अल्क्लॅडचं असतं. या मिश्रधातूत सुमारे साडेचार टक्के तांबं असतं. त्यामुळे तो मजबूत होतो, पण गंजाला हळवाही. म्हणून कारखान्यातच त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर चढवतात. पातळ पत्र्यात हा थर दर बाजूला जाडीच्या ५ टक्के, म्हणजे ०.८ मिमीच्या पत्र्यावर जेमतेम ०.०४ मिमी. झेनिथ आणि सोनेक्स या किट कंपन्या ६०६१-टी६ हा मिश्रधातू वापरतात. त्यावर असा थर नसतो, पण तांबं फार कमी असल्याने तो मुळातच गंजाला चांगला टिकतो.

म्हणून ‘आतून काहीच न लावणं’ हाही खरा पर्याय आहे आणि विषारीपणात तो शून्य आहे. सेस्ना १७२ ची हजारो विमानं आतून बिनप्रायमरची बाहेर पडली आणि कोरड्या हवेत दशकानुदशकं उडत राहिली. अमेरिकेतल्या कोरड्या ॲरिझोनात हँगर असेल तर अल्क्लॅडचे फक्त जोड, एकावर एक बसणारे पत्रे आणि पोलादाला टेकणारे भाग प्रायमर केले तरी भागतं. मुंबईची हवा वेगळी. पायलट अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान उभं केलं, तशा खाऱ्या, दमट हवेत बांधायचं आणि ठेवायचं असेल तर आतून पूर्ण प्रायमर माराच.

जुना मापदंड म्हणजे क्रोमेट: अलोडाइन १२०० या द्रावणाने धातूवर येणारा सोनेरी थर आणि वर झिंक किंवा स्ट्रॉन्शियम क्रोमेटचं प्रायमर. त्याचा गुण मान्यच करायला हवा. ओरखडा पडला की प्रायमरमधलं क्रोमेट ओलाव्यात विरघळून उघड्या धातूपर्यंत पोहोचतं आणि गंज रोखतं. पण हे हेक्झाव्हॅलंट (सहा-संयुजी) क्रोमियम आहे आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. अमेरिकेत २००६ पासून कामाच्या जागी हवेतली त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात जानेवारी २०१९ पासून स्ट्रॉन्शियम क्रोमेट खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कारखान्यात त्यासाठी बंद बूथ, हवा गाळण्याची यंत्रणा, सांडपाण्याची वेगळी सोय असते. घरच्या गॅरेजमध्ये यातलं काही नसतं आणि शेजारच्या खोलीत मुलं असतात. माझं मत स्पष्ट आहे: घरी क्रोमेट नको.

त्याच्या जागी धातूवरच्या प्रक्रियेसाठी दोन वाटा आहेत. सरटेक ६५० सारखी ट्रायव्हॅलंट (तीन-संयुजी) क्रोमियमची द्रावणं अलोडाइनसारखीच वापरतात: पत्रा ओला ठेवायचा, ठरलेला वेळ जाऊ द्यायचा, भरपूर पाण्याने धुवायचं. हा थर स्वतःही गंज रोखतो आणि यातलं क्रोमियम कितीतरी कमी विषारी आहे. अडचण अशी की थर जवळजवळ रंगहीन असतो. अलोडाइनमध्ये सुटलेली जागा लगेच दिसते, इथे तिरप्या उजेडात शोधावी लागते. द्रावण आम्लधर्मी असतं, त्यात फ्लोराइडही असतं, तेव्हा हातमोजे आणि गॉगल हवेतच. दुसरी वाट रंगाची पकड वाढवणाऱ्या प्रीकोट किंवा सोल-जेल या लेपांची. त्यात क्रोमियम अजिबात नाही, रंगाची पकड उत्तम येते, पण गंज रोखण्याचं खरं काम वरच्या प्रायमरलाच करावं लागतं. मोठे पत्रे बुडवायला टाकी नसेल तर प्रीकोट सोपं, कारण ते स्कॉच-ब्राइटने घासतच लावायचं असतं.

प्रायमरमध्ये स्प्रे कॅनमधलं सेल्फ-एचिंग (धातूला स्वतःच किंचित कोरून धरणारं) झटपट होतं, पण थर पातळ आणि सच्छिद्र असतो, एकट्याच्या भरवशावर राहू नये. दोन भागांचं इपॉक्सी पाणी अडवण्यात सर्वांत भक्कम. त्याचंच पाण्यावर आधारित रूप मी निवडेन. सॉल्व्हंटची वाफ खूप कमी, स्प्रे गन पाण्याने धुता येते. मात्र ते हयगय चालवून घेत नाही. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला की रंगात ‘डोळे’ म्हणजे गोल खळगे पडतात आणि पावसाळ्यात पाणी उडतच नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश सेल्सिअस वर असेल तेव्हाच गन हातात घ्या. जुलैत मुंबईत हे जमवण्यापेक्षा नोव्हेंबरची वाट पाहिलेली बरी. आणि वास कमी म्हणून हातमोजे काढू नका. इपॉक्सीच्या हार्डनरने कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की जात नाही.

बाहेरच्या रंगाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. डब्यावर ‘क्रोमेट-मुक्त’ वाचून बरेच जण निश्चिंत होतात आणि मग दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग साध्या मास्कवर मारतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि मास्कचा फिल्टर संपला हे नाकाला वेळेत कळत नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल तर हे काम रंगशाळेला द्या. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्येही बहुधा आयसोसायनेटच असतं, डेटा शीट उघडून बघा.

कोणतंही प्रायमर घ्या, खाली घाण राहिली तर पैसे वाया. खाऱ्या हवेत रिव्हेटच्या डोक्याभोवती किंवा जोडाच्या कडेला रंगाखाली बारीक, वळवळत गेलेल्या रेषा उठतात, नखाने रंग सोलला की पांढरी पूड निघते. या गंजाचं मूळ बहुतेकदा कच्च्या साफसफाईत असतं. एमईके या तीव्र सॉल्व्हंटऐवजी ॲल्युमिनियमसाठी बनवलेला पाण्यातला क्लीनर चालतो. कॉस्टिक असलेला घरगुती क्लीनर नको, तो धातूच खातो. मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने फक्त चमक जाईल इतकंच घासा, ०.०४ मिमीचा थर घासून घालवू नका. स्टील वूल आणि तारेचा ब्रश तर दूरच ठेवा, लोखंडाचे कण रुतून तिथेच गंज धरतो. मग स्वच्छ पाणी सोडा. पत्रा उभा धरल्यावर पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर झालं. कुठे थेंब होऊन पडदा फाटला तर तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

एसीएफ-५० किंवा कोरोजन-एक्ससारखं गंजरोधक तेल आत फवारणं हा आधीच जोडलेल्या, आतून उघड्या राहिलेल्या विमानासाठी चांगला उपाय आहे. फक्त ते बाहेरचा रंग पूर्ण झाल्यावरच मारा, कारण रिव्हेटमधून ते महिनोन्महिने झिरपतं आणि त्यावर रंग धरत नाही.