लेबल मेटल गिअरचं, आत नायलॉन : हेलिकॉप्टरच्या सर्वोंमध्ये झालेली फसवणूक

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी ऑनलाइन सर्वो (सिग्नलप्रमाणे आर्म फिरवणारी छोटी मोटर) घेणार असाल, तर आधी हे वाचा.

मी चार सर्वोंचा सेट मागवला. तीन स्वॉशप्लेटसाठी, म्हणजे मुख्य पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीसाठी, आणि एक टेलसाठी, म्हणजे शेपटीच्या रोटरसाठी. नामांकित कंपनीचं लेबल, ‘डिजिटल, मेटल गिअर’ असा छापील दावा, टेल सर्वोच्या खोक्यावर ७६० मायक्रोसेकंद. ही सर्वो मध्यावर आणणाऱ्या सिग्नलची लांबी; साध्या सर्वोत ती १५२० असते. सगळा माल बनावट निघाला.

शंका आली ती स्वॉशप्लेट लेव्हल करताना. १२० अंशांच्या सीसीपीएममध्ये, म्हणजे स्वॉशप्लेटला १२०-१२० अंशांवर सर्वो जोडलेल्या रचनेत, तिन्ही सर्वो मिळून स्वॉश हलवतात. स्टिक मध्यावर ठेवून आर्म काटकोनात बसवायचे आणि उरलेला किंचित फरक सब-ट्रिमने (रिमोटमधल्या बारीक दुरुस्तीने) काढायचा. इथे स्वॉश सपाट करून स्टिक एकदा वर-खाली केली की पुन्हा एक बाजू कललेली! निरखून पाहिलं, तर एका सर्वोचा आर्म वरून येताना एका जागी थांबत होता आणि खालून येताना दुसऱ्याच. सेंटरिंगच (मध्यावर परत येणंच) असं असेल तर सब-ट्रिमने काहीही साधत नाही.

टेलचा प्रकार याहून वाईट. लेबलप्रमाणे गायरोमध्ये (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या उपकरणात) ७६० निवडलं, तर सर्वो थेट एका टोकाला जाऊन घुरघुरत अडकला. लगेच बॅटरी काढली, तरी केस हाताला गरम लागत होती. १५२० च्या साध्या सर्वोला ७६० चा नॅरो पल्स, म्हणजे अर्ध्या लांबीचा सिग्नल दिला की नेमकं हेच होतं.

खालचे चार लांब स्क्रू सोडवून वरचं झाकण उचललं. आर्म बसतो तो शेवटचा गिअर पितळी, बाकी सगळे पांढरे नायलॉनचे.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं : ‘सेटिंग तुमचं चुकलं, सर्वो तुम्हीच जाळला, आणि उघडल्यामुळे वॉरंटीही गेली.’ मला खरी चीड आहे ती याची. डिजिटल सर्वोसाठीच्या ३३३ हर्ट्झच्या वेगवान सिग्नलवर साधा अॅनालॉग सर्वो खरोखरच जळू शकतो, त्यामुळे हा आरोप कोणालाही पटतो. या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून सर्वो हेलिकॉप्टरवर चढवण्याआधीच तपासा. पार्सल फोडण्यापासून अखंड व्हिडिओ काढा. आर्मला लांब तार चिकटवून सर्वो टेस्टरवर (हेलिकॉप्टरशिवाय सर्वो फिरवून पाहायच्या छोट्या उपकरणावर) दोन्ही बाजूंनी मध्यावर आणा. आर्मवरचा बारीक फरक तारेच्या टोकाला स्पष्ट दिसतो. टेल सर्वोसाठी ७६० मोड असलेलाच टेस्टर वापरा. लेबलवरचा क्रमांक थेट उत्पादकाला पाठवून खात्री करून घ्या. स्क्रूला हात लावायचा तो तक्रार नोंदवून झाल्यावरच.

५०० क्लासच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या आरसी हेलिकॉप्टरचा रोटर २५०० आरपीएमवर फिरतो तेव्हा ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर असतो. अशा वेळी नायलॉनचा दात तुटला तर जवळ उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, याचा विचार या विक्रेत्याने केलेला नाही. आता तो दुसऱ्या नावाने तेच फोटो टाकून तेच सेट विकतो आहे.